लेथवरचं पेन आणि सोनाराची निब

एबोनाइटचा रॉड लेथच्या चकमध्ये पकडून पहिल्यांदा टूल टेकवलं, की काळ्या किसाबरोबर गंधकाचा वास सुटतो. पेन घडवायला शिकणारा नवखा इथे जरा दचकतो. दचकण्याचं कारण नाही, त्या रॉडमध्ये गंधक भरपूर असतंच.

रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९च्या सुमारास उमगलं. गंधकाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ते बराच वेळ तापवत ठेवलं, तर रबर ताणायचं सोडून शिसवीसारखं काळं आणि कडक होतं. तेच एबोनाइट. पेनवाल्यांनी ते उचललं ते शाईपायी. त्या काळची लोहयुक्त शाई आम्लधर्मी होती. लाकूड ती पिऊन टाकी, पोलाद तिने गंजे. एबोनाइटवर मात्र तिचा परिणाम होत नसे. निबेसाठी सोनं निवडलं गेलं तेही याच कारणाने. सोनं मऊ, कागदावर लवकर झिजतं, म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण डाखायचा.

१८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ल्यूइस वॉटरमनने निबेखालच्या जिभेचं पेटंट घेतलं. शाई सांडून त्याचा विमा-करार हातचा गेला आणि त्या रागातून हे पेन जन्मलं, अशी गोष्ट सांगतात. ती जाहिरातीला शोभते, माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. जीभ मात्र खरी. उभ्या खाचेत कापलेल्या बारीक चिरांमधून शाई खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते. ही देवघेव बिघडली की पेन एक तर गळतं, नाहीतर कोरडं पडतं.

भारतात ही विद्या रुजली त्यात गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचा वाटा मोठा. तिथले के. व्ही. रत्नम सोनार घराण्यातले. गांधीजींच्या सांगण्यावरून ते स्वदेशी पेनाच्या मागे लागले आणि १९३२ मध्ये त्यांचं काम सुरू झालं. गांधीजींकडे आधी गेलेल्या पेनाची निब परदेशी होती, म्हणून ते पसंत पडलं नाही, असं सांगतात. मला हा तपशील सगळ्यांत मोलाचा वाटतो. नळी, टोपण, आटे ही सगळी लेथची कामं आणि कुशल कारागीर ती उरकतो. निब लेथवर होत नाही. पत्रा ठोकायचा, कापायचा, वळवायचा, मधोमध चीर द्यायची, हे सगळं सोनाराच्या हातातलं काम. आणि रत्नम तर सोनारच होते. पुढचं पेन वर्ध्याला पोचलं ते ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत. गांधीजींनी ते वापरून पाहिलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, असं जुलै १९३५ मध्ये रत्नमना वर्ध्याहून कळवलं.

अशा पेनात शाईसाठी वेगळी नळी नसते. रॉडला ड्रिलने पाडलेलं भोक हीच टाकी, ड्रॉपरने थेट तिच्यात शाई भरायची. म्हणून आटे घट्ट बसायला हवेत, वर ग्रीसचं बोट फिरवलेलं बरं. शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर टपकन डाग पडतो. एबोनाइटची जाड भिंत ही ऊब थोडी अडवते, पण टाकी वेळेवर भरत राहणं हाच खरा उपाय.

आजचा हौशी कारागीर बहुधा तयार किटपासून सुरुवात करतो. पितळेच्या नळीवर लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक चिकटवून ते तासलं, पॉलिश पेपर फिरवला, की पेन तयार. यात लेथवर हात बसतो, एवढंच. खरी परीक्षा किट सोडल्यावर. एकतोंडी आट्यांचं टोपण उघडायला बरेच फेरे लागतात, म्हणून त्रितोंडी आटे कापायचे. त्यासाठी खास टॅप आणि डाय लागतात, आणि ते रॉडच्या कितीतरी पट महाग. आटे जमले, बफिंग झालं, पेन चमकू लागलं, तरी निब मात्र बहुतेक जण जर्मनीच्या बॉक किंवा योवो कंपनीचीच विकत घेतात. आटे कापायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, निब ठोकायला शिकवणारा शोधून सापडत नाही.