टाकी कोणाची? परसातल्या प्रोपेनपासून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

"विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही." तुमच्यापैकी बऱ्याच जणांची ही तक्रार असते. माझीही होती. अमेरिकेतल्या ग्रामीण घरांनी चूल आणि ऊब यांसाठी कोणकोणतं इंधन वापरलं, हा माझ्या पीएचडीचा विषय. विषय नोंदवून दीड वर्ष झालं तरी माझ्याकडे प्रश्न नव्हता. तो मिळाला एका फोनमुळे.

माझा मामेभाऊ मिशिगनमध्ये शहरापासून लांब घर बांधत होता. तिथे गॅसची पाइपलाइन नाही. अशा घराच्या आवारात प्रोपेनची मोठी टाकी बसवतात आणि टँकर येऊन ती भरून जातो. घरगुती प्रोपेन वापरण्यात मिशिगन अमेरिकेत आघाडीवर आहे, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. दादाने विचारलं, "अगं, तू एवढं गॅसवर वाचतेस, तर सांग ना, टाकी विकत घेऊ की कंपनीची भाड्याने ठेवू?"

मला उत्तर देता आलं नाही. शंभर वर्षांचा इतिहास वाचलेला, पण टाकी कोणाची असते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आजची पोस्ट त्या न आलेल्या उत्तराबद्दल आहे.

आधी वस्तू नीट बघा

साध्या घराला बहुतेक वेळा ५०० गॅलनची टाकी लागते, म्हणजे साधारण १,९०० लिटर. पण ती पूर्ण भरत नाहीत, ८० टक्क्यांवर थांबतात, कारण उन्हाने द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. तरीही त्यात सुमारे ७६० किलो प्रोपेन मावतो. आपल्या घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरांत मोजलं तर पन्नासहून जास्त सिलिंडर!

आता हा गॅस प्रोपेनच का? ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ आला की त्याची वाफ होणं जवळजवळ थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. मिशिगनच्या हिवाळ्यात टाकी बाहेर बर्फात उभी असते, म्हणून तिथे प्रोपेन. आपल्याकडे दोन्हींचं मिश्रण चालतं.

जागेचेही नियम आहेत. ५०० गॅलनची टाकी इमारतीपासून आणि शेजारच्या हद्दीपासून किमान १० फूट लांब हवी. ५०० च्या वर गेलात, उदाहरणार्थ १,००० गॅलन, तर २५ फूट. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकतो आणि तळघरात साचतो. तिकडच्या घरांना तळघर असतं आणि तिथेच फर्नेस असतो, हे लक्षात घेतलं की १० फुटांचा अर्थ कळतो. टाकी जमिनीखालीही पुरता येते. मात्र मग पोलाद गंजू नये म्हणून सोबत दुसऱ्या धातूचा गोळा पुरतात. टाकीऐवजी तो झिजत जातो. पाण्याची पातळी वर असेल तर टाकी जखडून ठेवावी लागते, नाहीतर रिकामी टाकी जमिनीतून वर येऊ पाहते.

हे सगळं मी दादाला न अडखळता सांगितलं. तो म्हणाला, "हे तर डीलरनेही सांगितलं. मी विचारलं ते सांग."

माझ्या प्रस्तावातली चूक

माझ्या पहिल्या प्रस्तावाची गोष्ट अशी होती: आधी गावात अंधार आणि लाकडाचा धूर. मग पिट्सबर्गला सरकारी खाण विभागात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० च्या सुमारास पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा अभ्यास केला, त्यातून प्रोपेन वेगळा काढला. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात तो पहिल्यांदा जोडला गेला, १९१३ मध्ये पेटंट मिळालं. आणि मग गावोगाव उजेड!

गाइडनी समासात एवढंच लिहिलं, "हे कोणाचं म्हणणं?"

मी साधनं पुन्हा काढून पाहिली. स्नेलिंग खरे, पेटंटही खरं. पण "इथून सुरुवात झाली" हा सांगाडा मी प्रोपेन उद्योगाच्या स्मरणिकांमधून जसाच्या तसा उचलला होता. उद्योग स्वतःचा वाढदिवस साजरा करतो तेव्हा आपल्या आधी कोणी होतं हे तो कशाला सांगेल?

आधी बरंच काही होतं. १८७० च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची गिल्बर्ट अँड बार्कर ही कंपनी गावाकडच्या मोठ्या घरांसाठी "गॅस मशीन" विकत होती. पेट्रोलचं भांडं घरापासून लांब जमिनीत पुरायचं. तळघरात हवेचा पंप, तोही वजन खाली उतरताना फिरणारा. पंपाची हवा पुरलेल्या भांड्यातून फिरून पेट्रोलची वाफ घेऊन परत घरात यायची आणि दिव्यांत जळायची. पुढे १८९२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत सापडली आणि शेतघरांत ॲसिटिलीनची यंत्रं आली. आपल्याकडे जत्रेत कार्बाइडचे दिवे असत, तीच रासायनिक क्रिया, फक्त अख्ख्या घरासाठी.

म्हणजे "घर इकडे, इंधन तिकडे, मध्ये नळी" ही मांडणी प्रोपेनच्या आधीचीच आहे. प्रोपेनने ती फक्त उचलली. हे कळल्यावर माझा प्रस्ताव कोसळला आणि खरं सांगायचं तर तिथूनच काम सुरू झालं.

मग नवं काय होतं?

कोणतीही गोष्ट आधीपासून होती असं दिसलं की तुम्ही लगेच हा प्रश्न विचारा. मी विचारला तेव्हा दादाचा फोन आठवला.

पेट्रोलचं गॅस मशीन घरमालक विकत घ्यायचा. पेट्रोल कुठूनही आणा, मशीनला फरक पडत नसे. ॲसिटिलीनचं यंत्रही घराचंच असे. प्रोपेनचं तसं नाही. तो दाबाखाली द्रव राहतो, म्हणून जाड पोलादाची टाकी हवी, दाब सहन करणारा टँकर हवा आणि टाकी भरणारा माणूस शिकलेला हवा. टाकी महाग, म्हणून विक्रेता म्हणाला, टाकी आमची, तुम्ही फक्त गॅस घ्या. घराच्या आवारातली सर्वांत मोठी वस्तू अशी घराच्या मालकीची राहिली नाही. घर विकलं तरी भाड्याची टाकी त्या विक्रीत येत नाही. आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायदा असा आहे की टाकीच्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी ती भरायची नाही. यामागे सुरक्षेचं कारण आहेच, कारण टाकीची तपासणी मालकाची जबाबदारी. पण परिणाम असा की टाकी ज्याची, गॅस त्याचाच.

एरवी हे कोणाला जाणवत नाही. २०१३-१४ च्या हिवाळ्यात जाणवलं. शरद ऋतूत मका ओला निघाला, तो वाळवायला शेतकऱ्यांनी भरपूर प्रोपेन वापरला. साठे कमी झाले आणि जानेवारीत कडाक्याची थंडी आली. मध्य-पश्चिम भागात प्रोपेन गॅलनला चार डॉलरच्या वर गेला, काही राज्यांनी आणीबाणी जाहीर केली. टाकी स्वतःची असलेला माणूस निदान चार ठिकाणी फोन करू शकत होता. भाड्याच्या टाकीवाल्याला करारातल्या एकाच विक्रेत्याकडे बघत बसावं लागलं.

आता माझा प्रश्न असा आहे: ग्रामीण घराच्या इंधनाच्या साधनाची मालकी घराकडून विक्रेत्याकडे केव्हा आणि कोणत्या टप्प्यांनी गेली, आणि धोक्याचा खर्च कोणी उचलला?

या प्रश्नाने साधनं बदलली

पहिली गोष्ट, जनगणनेचे तक्ते. मी त्यांच्यावर फार विसंबून होते. तिथे आज घराच्या इंधनाचा जो रकाना आहे त्यात बाटलीतला, टाकीतला आणि एलपी गॅस असं सगळं एकत्र आहे. टाकी कोणाची हे विचारलेलंच नाही. आकडे खोटे नाहीत, ते माझ्या प्रश्नाबद्दल गप्प आहेत. म्हणून आता करारपत्रं, डीलरांच्या वह्या, शेतीमासिकांतल्या जाहिराती आणि राज्यांचे कायदे वाचते आहे. आगीच्या नियमांच्या जुन्या पुस्तिकाही. त्या विमा कंपन्यांची संघटनाही छापून वाटायची, यावरून १० फूट कोणाच्या काळजीपोटी मोजले गेले याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट, टाकी स्वतःच एक दस्तऐवज आहे. तिच्यावर धातूची पाटी असते: बनवणारा, अनुक्रमांक, वर्ष, क्षमता, किती दाब सहन करेल. दादाला डीलरने दाखवलेल्या "नव्या" टाकीला ताजा पांढरा रंग होता आणि पाटीवर वर्ष होतं १९७४. त्यात गैर काही नाही, चांगली टाकी अनेक दशकं टिकते, एका आवारातून दुसऱ्या आवारात जाते. पण घर २०२० नंतरचं आणि टाकी त्याच्या मालकापेक्षाही वयाने मोठी, हे एका पाटीवरून कळलं.

माझ्या दाव्याची कच्ची बाजूही सांगते, कारण तोंडी परीक्षेत ती विचारली जाणारच. ॲसिटिलीनचं यंत्र घराचं असलं तरी कार्बाइडच्या बाजारावर युनियन कार्बाइड या एकाच कंपनीचं मोठं वर्चस्व होतं. म्हणजे मालकी आली की मोकळीक आली असं सरळ गणित नाही. हे प्रकरण अजून लिहून व्हायचं आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

आज घरचा सिलिंडर नीट बघा. वरच्या पट्टीवर इंग्रजी ए ते डीपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. पुढची तपासणी कोणत्या तिमाहीत करायची ते तिथे लिहिलेलं आहे. मग गॅसच्या कागदांमधलं सबस्क्रिप्शन व्हाउचर शोधा. तुम्ही सिलिंडर विकत घेतलेला नाही, त्यापोटी अनामत भरलेली आहे. मुंबईत बर्मा शेलने १९५५ च्या सुमारास घरगुती गॅस आणला, तेव्हापासून किती घरांनी "आमचा सिलिंडर" म्हटलं असेल! आई-आजीला विचारा, पहिलं कनेक्शन कोणाच्या नावावर होतं, अनामत किती भरली, नंबर लागायला किती वर्षं गेली. उत्तरं तारखेसह लिहून ठेवा. मग त्यातल्या कुठल्या उत्तराला तुमच्या पुस्तकात जागा नाही ते पाहा. तिथे प्रश्न असण्याची शक्यता जास्त.

दादाने शेवटी टाकी विकत घेतली. सुरुवातीचा खर्च जास्त झाला आणि तपासणी, रंग, रेग्युलेटर हे सगळं आता त्याच्या डोक्यावर आहे. माझ्या सांगण्यावरून घेतली असं तो म्हणतो. मी त्याला फक्त करार दोनदा वाचायला सांगितलं होतं, विशेषतः टाकी परत नेण्याचा खर्च कोणाकडे हे कलम.