मागचा बल्ब पुन्हा पुन्हा का उडतो?
स्कूटरमधील विजेचा इतिहास

जुन्या स्कूटरवरून ज्यांनी रात्री प्रवास केला आहे, त्यांना दोन गोष्टी नक्की आठवत असतील. गाडी वेगात असली की पुढचा दिवा लख्ख असे. चौकात गाडी थांबली की तोच दिवा मिणमिणता होई. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. मागचा बल्ब उडे, नवा बसवला की काही दिवसांत तोही उडे. अंधाऱ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसत नाही, हे घरी पोहोचेपर्यंत कळतही नसे. अशा वेळी बल्बच हलका निघाला असे आपण म्हणतो. पुष्कळदा मात्र दोष मागच्या बल्बात नसून पुढच्या दिव्याच्या जोडणीत असे. हे कसे, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला तर वेटोळ्यात वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये हिपोलित पिक्सी यांनी या तत्त्वावर हाताने फिरवायचे यंत्र तयार केले. त्यात वेटोळी स्थिर होती आणि नालाकृती चुंबक त्यांच्यासमोर फिरत असे. ही मांडणी लक्षात ठेवू या, कारण पुढे स्कूटरमध्ये आपल्याला तीच भेटणार आहे.

पेट्रोलचे इंजिन आले तेव्हा इंधन नेमक्या क्षणी पेटवायचे कसे, हा मोठा प्रश्न होता. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे चुंबकावर चालणारे ठिणगीयंत्र, बनवले. १८९७ मध्ये त्यांच्या कारखान्याने ते एका तीनचाकी गाडीवर बसवले. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग सिद्ध केला. मिस्त्री ज्याला ‘पॉइंट’ म्हणतो, तो ठरावीक क्षणी उघडतो. प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो फेऱ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब प्लगच्या टोकांमधील फट ओलांडतो, तीच ठिणगी. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, म्हणजे धारित्र, पॉइंटवरच ठिणगी पडू देत नाही. म्हणून कंडेन्सर बिघडला की पॉइंट जळतात आणि प्लगवरची ठिणगी दुबळी होते. अशा वेळी नुसते पॉइंट घासून काम भागत नाही.

छोट्या दोनटप्पी इंजिनांसाठी वेगळा मॅग्नेटो महाग आणि जड पडे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील व्हिलियर्स कंपनीच्या इंजिनांनी एक सोपी युक्ती रूढ केली. इंजिनाला जडचक्र लागतेच. मग चुंबक त्याच चक्रात बसवावेत आणि वेटोळी आत स्थिर ठेवावीत. चक्राखाली एक वेटोळे ठिणगीसाठी आणि दुसरे दिव्यांसाठी ठेवता येई. १९४६ मध्ये इटलीच्या पियाजिओ कंपनीने विमान-अभियंता कोरादिनो द’आस्कानियो यांनी आखलेली वेस्पा बाजारात आणली. तिच्या चुंबकचाकाला पंख्याची पातीही होती. एकच चाक इंजिनाची गती समान राखी, ठिणगी देई, दिवे लावी आणि इंजिन थंडही करी! १९६० च्या दशकात बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला वेस्पा बनवल्या. १९७२ मध्ये आलेली चेतक त्याच घराण्यातली.

या पद्धतीच्या अनेक स्कूटरमध्ये बॅटरीच नसे. किक मारली की चाक फिरे, ठिणगी पडे, इंजिन सुरू होई. ठिणगीचे वेटोळे वेगळे असल्याने सगळे दिवे गेले तरी गाडी घरी पोहोचवी. मात्र दिव्यांना वीज पुरवणारा साठा कोठेच नव्हता. चाक हळू फिरले की वीज कमी, म्हणून चौकातला तो मिणमिणता दिवा.

मग वेग वाढल्यावर सगळेच बल्ब का उडत नसत? कारण वेटोळे दुहेरी काम करते. चाक वेगाने फिरले की निर्माण होणारा दाब वाढतो. पण प्रवाहाची दिशाही अधिक वेळा बदलते आणि तिला वेटोळ्याचा होणारा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. परिणामी एका वेगानंतर प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. वेगळा नियंत्रक न वापरता साधलेले हे नियंत्रण आहे. पण त्याला एक अट आहे. ठरलेल्या वॅटचे सर्व बल्ब जोडलेले असले पाहिजेत.

समजा, ६ व्होल्टच्या गाडीत पुढचा बल्ब २५ वॅटचा आणि मागचा ५ वॅटचा आहे. दोघांना मिळून सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो. त्यातला मागच्या बल्बचा वाटा जेमतेम ०.८ अँपिअर. आता पुढच्या दिव्याची तार सैल झाली, किंवा डिपरच्या स्विचमध्ये क्षणभर संपर्क तुटला. वेटोळे तर जवळजवळ तेवढाच प्रवाह ढकलू पाहते आणि वाट उरते ती फक्त मागच्या बल्बची. तो उडतो. बल्ब बदलणारा परिणाम बदलतो. कारण तसेच राहते.

स्कूटरला बटणावर सुरू करायचे ठरले तेव्हा हे साधे घर अपुरे पडले. भारतात हा बदल ठळकपणे आणला तो १९८४ मध्ये किनेटिक आणि होंडा यांच्या संयुक्त उद्योगातून आलेल्या स्कूटरने. स्टार्टर मोटरला भरपूर प्रवाह लागतो आणि तोही चाक फिरण्याआधी. म्हणजे बॅटरी आली. तिला एकाच दिशेचा प्रवाह हवा, म्हणून रेक्टिफायर आला. दाब मर्यादेत हवा, म्हणून रेग्युलेटर आला. पुढे बहुतेक गाड्यांमध्ये हे दोन्ही एकाच डबीत बसू लागले. पॉइंटची जागा सीडीआय या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेतली. २०२० मध्ये भारत स्टेज ६ हे नियम लागू झाल्यावर बहुतेक स्कूटरमध्ये इंधन-फवारणीही विजेवर होऊ लागली. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तर काही गाड्या किक मारूनही सुरू होत नाहीत.

दोष शोधायचा तो या इतिहासाच्या क्रमाने. इंजिन बंद असताना भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की तो साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. चढला नाही, तर नवी बॅटरी घेऊन काही उपयोग नाही. ती पुन्हा उतरेल. वेटोळ्याची जोडणी सोडून त्यातून प्रत्यावर्ती वीज निघते का ते पाहावे. निघत नसेल तर दोष वेटोळ्यात किंवा त्याच्या तारेत. निघत असेल तर तो पुढे, रेग्युलेटरमध्ये किंवा गंजलेल्या जोडणीत. दाब १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटरचा संशय धरावा. दाब योग्य असूनही सकाळी बॅटरी उतरलेली असेल, तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा कोठेतरी वीज गळते आहे. प्रत्येक मापन संशयितांची यादी छोटी करते. सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्यात पैसे जातात आणि ज्ञान मिळत नाही.

वर्गात हे दाखवायला स्कूटर लागत नाही. सायकलचा जुना डायनॅमो, पुढचा मोठा आणि मागचा छोटा बल्ब एवढे पुरे. सायकल उलटी करून पेडल एका लयीत फिरवावे. पुढचा बल्ब काढला तर मागच्याचे काय होईल, हे विद्यार्थ्यांना आधी वहीत लिहायला सांगावे. बरेच जण ‘काहीच होणार नाही’ असे लिहितील. मग बल्ब काढून पाहावे. एखादा छोटा बल्ब जास्तीचा जवळ असू द्यावा, म्हणजे झाले.