रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘एच’ किंवा ‘एल’ आलं म्हणजे आजारच असतो का?

मंगरूळपीर : शेलूबाजार, आसेगावकडून तालुक्याला येऊन रक्त तपासलं की रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरचेच वाचतात. एखादा आकडा ठळक दिसला, पुढे जास्तचा ‘एच’ किंवा कमीचा ‘एल’ असला की घरात घोर लागतो. मात्र ही खूण म्हणजे आजाराचा निकाल नव्हे.

नॉर्मल रेंज कशी ठरते?
बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात, तीच नॉर्मल रेंज धरतात. म्हणजे १०० निरोगी माणसांतली सुमारे ५ आजार नसतानाही रेंजबाहेर जातात. मशीन आणि पद्धतीनुसार रेंज थोडी बदलते. त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या रेंजशी ताडू नये.

कोणते आकडे लक्षात ठेवावे?
साधारणपणे पुरुषांत १३, महिलांत १२ आणि गर्भवतींत ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. गर्भवतीचं ७ च्या खाली गेलं तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहाची पूर्वपायरी. १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. मात्र लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. तापात प्लेटलेट झपाट्याने घटत असतील किंवा हिरड्या-नाकातून रक्त येत असेल, तर वाट पाहू नये.

सगळं नॉर्मल असलं तरी?
विदर्भात सिकलसेल आढळतो. त्याच्या वाहकाचं हिमोग्लोबिन बहुधा नॉर्मलच येतं, त्रासही नसतो. साध्या सीबीसीत तो कळत नाही. आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून ही तपासणी लग्नाआधीच केलेली बरी. सोल्युबिलिटी टेस्टसाठी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारावं.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. एका आकड्यापेक्षा तो वाढतोय की घटतोय हे जास्त सांगून जातं. नुसता रिपोर्ट पाहून गोळी सुरू करू नये, आणि चालू असलेली बंदही करू नये.