मुक्त पाठ आणि क्षेपक

शके 1506 मध्ये (इ. स. 1584) एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची पाठशुद्धी केली आणि तीत कोणी नवी ओवी घालू नये, असे बजावले. मुक्त-स्रोत आज्ञावलीपुढे आज हाच क्षेपकाचा प्रश्न आहे. ती कोणीही बदलावी, मात्र बदल कोणाचा याची नोंद राहावी, हा तिचा पाया. 2021 मध्ये ‘गिटहब कोपायलट’ आला. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ‘व्हीएस कोड’ या संपादकाच्या मुक्त गाभ्यातच आणण्याचे जाहीर केले. उलट, 2024 मध्ये ‘जेंटू’ने यंत्ररचित भर नाकारली; ‘नेटबीएसडी’ने ती पूर्वसंमतीवाचून निषिद्ध ठरवली. स्वामित्वहक्काची शंका हे त्यामागील एक प्रमुख कारण. क्षेपकालाही कोणी कर्ता असतो. येथे नोंदीत नाव उरते, कर्तृत्व मात्र संदिग्ध होते.