न परतणारी काठी : तंजावर, पुदुक्कोट्टै आणि बूमरँगची वंशावळ

मराठी वृत्तपत्रांनी 'बूमरँग' हा शब्द केव्हाच आपलासा केला आहे. विरोधकांवर टाकलेला डाव 'बूमरँग झाला', सरकारचा निर्णय 'बूमरँग होणार' असे मथळे आपण नेहमी वाचतो. वास्तविक या अर्थासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. डाव उलटतो, करणी अंगाशी येते, खोदलेल्या खड्ड्यात खोदणाराच पडतो. तरीही हा परका शब्द रुळला आणि रुळताना एक ठाम समजूत घेऊन आला : बूमरँग म्हणजे फेकणाऱ्याकडे परत येणारे हत्यार. प्रस्तुत लेखाचा विषय या समजुतीपलीकडचा आहे. कारण मानवी इतिहासातील बहुसंख्य बूमरँग परत येण्यासाठी घडवलेले नव्हते, आणि त्यांपैकी काहींची नोंद मराठी राजांच्या शस्त्रागारातच सापडते.

शब्द ऑस्ट्रेलियातला. आजच्या सिडनीच्या परिसरातील मूलनिवासींच्या धारुग भाषेतून तो १८२० च्या दशकात इंग्रजांच्या लेखनात आला. ऑस्ट्रेलियात शेकडो भाषा होत्या आणि या वस्तूला शेकडो नावे होती. त्यांतले एक जगभर गेले, बाकीची मागे राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील वायरी दलदलीत १९७० च्या दशकात सापडलेले लाकडी बूमरँग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शिकारीचे बूमरँग वजनदार, लांब आणि कमी वाकाचे असते. ते सरळ आणि जमिनीलगत जावे, कांगारूच्या पायावर बसावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. जे हत्यार सावजावर आदळले ते परत येणार कसे, हा साधा प्रश्न मथळे लिहिणाऱ्यांना पडत नाही. परतणारा प्रकार हलका. तो खेळासाठी, आणि काही ठिकाणी पाणपक्ष्यांच्या थव्याला ससाण्याचा भास होऊन तो जाळ्याकडे वळावा यासाठी वापरला जाई.

आता तंजावरकडे वळू. एडगर थर्स्टन हे १८८५ ते १९०८ या काळात मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक होते. दक्षिण भारतातील जातीजमातींवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. कळ्ळर आणि मरवर या जमातींविषयी लिहिताना ते संग्रहालयातील हस्तिदंती बूमरँगांचा उल्लेख करतात, आणि ते तंजावरच्या शस्त्रागारातून आल्याचे नोंदवतात. तंजावरचे शस्त्रागार म्हणजे भोसल्यांचे. व्यंकोजीराजांपासून १८५५ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत तेथे मराठी सत्ता होती. सरस्वती महालातील ग्रंथ, बृहदीश्वराच्या भिंतीवरील प्रदीर्घ मराठी शिलालेख, सरफोजी दुसरे यांची विद्याव्यासंगी वृत्ती यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच दरबाराच्या शस्त्रांत तमिळ 'वळरी' होती, ही गोष्ट मात्र आमच्या वाचनात मराठी लेखनातून आली नाही. ती एका इंग्रज अधीक्षकाच्या ग्रंथात भेटली. हस्तिदंत ठिसूळ, महाग आणि फेकून वाया घालवण्याजोगा नव्हे. तेव्हा या वळऱ्या मानाच्या असाव्यात, असे आम्हांला वाटते. राजाने प्रजेचे शस्त्र हस्तिदंतात घडवून घ्यावे यात सलगी आहे आणि हिशेबही आहे; कावेरीच्या खोऱ्यातील कळ्ळरांना दुखवून तंजावरात राज्य करणे सोपे नव्हते.

प्रत्यक्ष वापरातली वळरी कठीण लाकडाची, क्वचित लोखंडाची असे. चंद्रकोरीसारखा वाक, एक टोक जड व दुसरे हलके. हलक्या टोकाला धरून, खांद्यावरून गरगर फिरवून ती सोडायची. पुदुक्कोट्टै संस्थानच्या दिवाणांनी थर्स्टनना जी माहिती पुरवली तिच्यात हे वर्णन आहे. कळ्ळरांच्या विवाहात दोन्ही पक्ष एकमेकांना वळरी देत आणि वळरी पाठवून वधू आणावी अशी म्हणच होती, असेही थर्स्टन नोंदवतात. म्हणजे हे हत्यार घराण्याच्या प्रतिष्ठेचे होते.

जेम्स वेल्श हा ईस्ट इंडिया कंपनीचा सैनिकी अधिकारी. त्याच्या आठवणी १८३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. तरुणपणी शिवगंगेच्या चिन्न मरुदूने आपल्याला भालाफेक आणि वळरी शिकवली, असे तो लिहितो. कसबी हातातून सुटलेली ही काठी शंभर यार्डांच्या आत नेमकी लागते, असा त्याचा अनुभव. पुढे १८०१ च्या पाळेगारांच्या युद्धात हाच वेल्श कंपनीच्या बाजूने लढला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मरुदू बंधूंना फाशी झाली. आपल्या गुरूला शिकारीच्या सावजाप्रमाणे हुसकावून काढण्याची पाळी आपल्यावर आली, याची खंत त्याने लपवलेली नाही. युद्धानंतर पाळेगारांचे किल्ले पाडले गेले आणि त्यांच्या प्रजेची शस्त्रे काढून घेतली गेली. वळरी संग्रहालयात पोहोचली ती या वाटेने.

संग्रहालयात पोहोचल्यावर तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले, आणि आमच्या मते ते अधिक त्रासदायक आहे.

१८६८ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन मूलनिवासींचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला हा पहिला संघ. त्यांनी ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, बाकी अनिर्णित राहिले. जॉनी मुल्लाघसारखा अष्टपैलू खेळाडू त्यांत होता. पण सामना संपला की प्रेक्षक थांबत ते बूमरँग पाहायला. खेळाडूंनी बॅट ठेवायची आणि 'रानटी' व्हायचे, असा तो कार्यक्रम. किंग कोल नावाचा खेळाडू क्षयाने लंडनमध्येच वारला. पुढे १९११ मध्ये पळवणकर बाळूंनी त्याच इंग्लंडात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांना निदान सामन्यानंतर गोफण फिरवून दाखवावी लागली नाही, इतकेच.

याच सुमारास कर्नल लेन फॉक्स लंडनमध्ये युद्धसाधनांच्या उत्क्रांतीवर व्याख्याने देत होते. हेच पुढे पिट-रिव्हर्स झाले. ऑक्सफर्डचे संग्रहालय त्यांच्याच संग्रहातून १८८४ मध्ये उभे राहिले. त्यांच्या एका प्रसिद्ध आकृतीत मध्यभागी साधी सरळ काठी आहे, आणि तिच्यापासून चहूबाजूंना किरणांसारखी ऑस्ट्रेलियन हत्यारे फुटत जातात : सोटा, ढाल, भाला आणि बूमरँग. प्राचीन इजिप्तच्या फेककाठीची प्रतिकृती त्यांनी स्वतः करवून फेकून पाहिली होती. इथवर सारे कुतूहलाचे आणि कौतुकाचेही. पण ऑस्ट्रेलिया, इजिप्त आणि भारत या तिन्ही ठिकाणी वाकडी काठी फेकली जाते, तेव्हा हे लोक एकाच वंशाचे असले पाहिजेत, या दिशेने विचार सरकू लागला. टॉमस हक्सली यांनी १८७० मध्ये मानववंशांचा नकाशा मांडताना दख्खनच्या डोंगरी जमातींना ऑस्ट्रेलियनांच्या गटात बसवले होतेच. वळरी आणि गुजरातच्या कोळ्यांची 'कटारिया' ही त्या नकाशाला मिळालेली लाकडी साक्ष ठरली.

हे सगळे दूरचे वाटेल. पण आम्ही गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात राहतो आणि परिसरातल्या महाविद्यालयांत शिकवतो. आमच्या वर्गात गोंड, हलबा, पोवार, कुणबी, कोष्टी अशा घरांतली मुले असतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीच्या टिपणांत गोंडांविषयी पहिलेच वाक्य बहुधा असे असते, की ते 'प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड' वंशाचे आहेत. हा शब्द बी. एस. गुहा यांच्या १९३१ च्या जनगणनेवर आधारलेल्या वर्गीकरणातून आपल्याकडे रुजला. स्वतःच्या आजीची कपाळपट्टी आणि नाक यांची मापे परीक्षेसाठी पाठ करणारी मुलगी आम्ही पाहिली आहे. तिला चार गुण मिळाले असतील. त्या चार गुणांची किंमत काय, हे विचारण्याची सोय प्रश्नपत्रिकेत नसते. गोंडांची भाषा, त्यांची देवघरे, गढा-मंडल्यापासून चांद्यापर्यंतची राज्ये हे सारे त्या वाक्यानंतर येते, कधीकधी येतही नाही.

त्या साखळीतील दुवे आता एकेक निखळले आहेत. पोलंडमधील ओब्वाझोवा गुहेत मॅमथच्या सुळ्यापासून घडवलेले एक बूमरँग सापडले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत त्याचे वय सुमारे चाळीस हजार वर्षे ठरले. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात फेककाठ्यांचा साठाच निघाला. युरोप आणि आफ्रिका यांतही वाकडी काठी फेकली जात असेल, तर ती वंशाची खूण कशी राहील? जनुकांच्या अभ्यासातून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतातून ऑस्ट्रेलियात स्थलांतर झाल्याचा तर्क २०१३ मध्ये मांडला गेला खरा. परंतु २०१६ मध्ये मूलनिवासी पुरुषांच्या वाय गुणसूत्रांच्या सखोल तपासणीत त्याला आधार मिळाला नाही. काठी वाकडी असते ती झाड वाकडे वाढते म्हणून. आमच्याकडचा सुतार नांगरासाठी आजही नैसर्गिक बाक असलेले खोड शोधतो, कारण धाग्यांची दिशा बाकाबरोबर वळली की लाकूड फुटत नाही. ऑस्ट्रेलियातला कारागीरही बुंधा आणि मूळ जिथे मिळतात तो कोपरा निवडतो. दोघांत नाते असेल तर ते लाकडाच्या गुणाचे आहे.

परतण्याचे कोडे मात्र खरोखरच कोडे होते आणि ते सोडवण्याचे श्रेय फार अलीकडे एका डच माणसाला गेले. फेलिक्स हेस यांचा लेख 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये १९६८ साली आला आणि ख्रोनिंगेन विद्यापीठात १९७५ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रबंध सादर केला. बूमरँग जवळजवळ उभे धरून, फिरकी देऊन सोडतात. त्याच्या दोन्ही पात्यांना विमानाच्या पंखासारखी गोलाई असते. फिरताना वर आलेले पाते पुढे धावत असते, म्हणून हवेच्या तुलनेत त्याचा वेग अधिक. खाली गेलेले मागे येत असते, म्हणून वेग कमी. वरच्या अर्ध्या भागावर हवेचा दाब जास्त पडतो आणि तो बूमरँगला कलंडवू पाहतो. पण फिरणारी वस्तू सरळ कलंडत नाही. हात लावलेला भोवरा जसा पडण्याऐवजी बाजूला झुलत फिरतो, तसे बूमरँग कलंडण्याऐवजी वळते, वळतच राहते आणि वर्तुळ पुरे करून येते. अंतराळ स्थानकात ताकाओ दोई यांनी २००८ मध्ये कागदी बूमरँग फेकले, तेव्हा तेही परतले : गुरुत्वाकर्षण लागत नाही, हवा लागते. ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, त्या डेव्हिड युनायपॉन या मूलनिवासी लेखक-संशोधकाने बूमरँगच्या तत्त्वावर उडणाऱ्या यंत्राची कल्पना १९१४ मध्येच मांडली होती.

हेस यांच्या काळातच या वस्तूभोवती हौशी मंडळी जमू लागली. अमेरिकेतील संघटना १९८० ची. १९८१ मध्ये अमेरिकन संघाने ऑस्ट्रेलियात जाऊन यजमानांना हरवले, आणि १९८८ पासून जागतिक स्पर्धा भरू लागल्या. प्रकार अनेक आहेत. अचूकतेत जमिनीवर दहा मीटर त्रिज्येपर्यंत वर्तुळे आखतात आणि बूमरँग केंद्राच्या जितके जवळ पडेल तितके गुण. एकात पाच फेकी आणि पाच झेल कमीत कमी वेळात पुरे करायचे. एकात बूमरँग हवेत अधिकाधिक वेळ तरंगते ठेवायचे. स्वित्झर्लंडच्या मानुएल शुट्झ यांनी १९९९ मध्ये २३८ मीटर दूर गेलेले बूमरँग परत आणून दाखवले. या प्रकारांनीच घडण बदलली. झटपट झेलांसाठी तीन पात्यांचे छोटे प्लॅस्टिकचे, तरंगण्यासाठी लांब हाताचे आणि अत्यंत हलके, दूर जाण्यासाठी पातळ, जड आणि शिशाचे ठिपके बसवलेले. येथे फेकणारा आणि घडवणारा पुष्कळदा एकच असतो. कानशीने पात्याची कड थोडी अधिक घासली की उड्डाण बदलते, हे तो मैदानावर शिकतो आणि रात्री घरी जाऊन पुन्हा घासतो. या हौसेविषयी आम्हांला मनापासून आदर आहे. पर्यटकांच्या दुकानांत मात्र दुसरेच चालते. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग मूलनिवासींची म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये तेवीस लाख डॉलरांचा दंड ठोठावला.

गेल्या हिवाळ्यात धान कापून बांध्या मोकळ्या झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यांकडून पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्यांची आणि मग पातळ प्लायवुडची बूमरँग करून घेतली. कोणाचे पाते कसे असावे यावर अट घातली नव्हती. पहिली पंधरा सरळ बांधाच्या चिखलात गेली. सकाळी वारा पडलेला असताना जी परतू लागली ती ऊन चढल्यावर वाट चुकली, आणि वाऱ्याच्या उजवीकडे तिरपे फेकायचे हे मुलांनी आम्हांला सांगितले. एकाने मात्र सुताराकडून बाभळीचा वाकडा तुकडा आणला, त्याला गोलाई न देता एक टोक जड ठेवले आणि तो चाळीस पावलांवरच्या तणसाच्या भाऱ्यावर नेमका मारला. आमच्या खेळाच्या नियमाप्रमाणे त्याला शून्य गुण, कारण काठी परतली नाही. जगभरच्या स्पर्धांचा नियमही हाच : निदान वीस मीटर जावे आणि परत यावे. वळरीला त्या नियमांत कोठेच जागा नाही. पुढच्या हिवाळ्यात न परतणाऱ्या काठ्यांचा वेगळा विभाग ठेवायचे आम्ही ठरवले आहे. अंतर वेल्शने सांगितलेलेच, शंभर यार्ड. तणसाचा भारा तेवढा मोठा घ्यावा लागेल.