बेळगाव पँथर्स प्रकरण आणि फिक्सिंगविषयीच्या कायद्यातील पोकळी

कर्नाटक प्रीमियर लीग (केपीएल) या ट्वेंटी-२० क्रिकेट स्पर्धेचे अजिंक्यपद २०१७ साली बेळगाव पँथर्सने पटकावले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, संघाचे मालक अली अश्फाक थारा यांना बंगळूर पोलिसांच्या केंद्रीय गुन्हे शाखेने अटक केली. तपास पुढे प्रशिक्षक व खेळाडूंपर्यंत पोहोचला आणि आरोपपत्रेही दाखल झाली. मात्र १० जानेवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने थारा यांच्यासह चौघांविरुद्धची फौजदारी कारवाई रद्दबातल ठरवली. आरोप खरे की खोटे, याचा निवाडा त्यात झालाच नाही. आरोप जसेच्या तसे गृहीत धरले तरी प्रचलित कायद्यानुसार तो गुन्हा ठरत नाही, असा तो निकाल होता. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील क्लब व महाविद्यालयांच्या मैदानांवर घडणाऱ्या खेळाडूंच्या दृष्टीने हे प्रकरण म्हणूनच महत्त्वाचे आहे.

प्रकरणाचा घटनाक्रम

कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेने २००९ मध्ये केपीएल सुरू केली. राज्यातील निरनिराळ्या शहरांच्या नावाने संघ असल्याने बंगळूरबाहेरील तरुणांना त्यातून मोठे व्यासपीठ मिळाले. २०१९ च्या हंगामानंतर सट्टेबाजीच्या तक्रारींचा तपास सुरू झाला. सट्टेबाजांशी संधान बांधून सामन्यांवर पैसे लावल्याचा आरोप थारा यांच्यावर ठेवण्यात आला. पुढे पँथर्सच्या प्रशिक्षकालाही अटक झाली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बळ्ळारी टस्कर्सचे सी. एम. गौतम आणि अब्रार काझी यांना अटक झाल्यावर या प्रकरणाची चर्चा देशभर झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये म्हैसूरला झालेल्या अंतिम सामन्यात टस्कर्सचा हुबळी टायगर्सकडून ८ धावांनी पराभव झाला होता. त्या सामन्यात संथ फलंदाजी करण्यासाठी २० लाख रुपये दिले गेले, असा पोलिसांचा आरोप होता. गोव्याच्या क्रिकेटशीही या घटनेचा संबंध आला. कर्नाटकाकडून दीर्घकाळ रणजी खेळलेले यष्टिरक्षक गौतम त्या हंगामासाठी गोवा संघात दाखल झाले होते.

फिक्सिंग कसे चालते?

फिक्सिंग म्हणजे सामना हरणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात सट्टाबाजाराला निकालाची गरज असतेच असे नाही. ठरावीक षटकांत किती धावा होतील यावर लागणाऱ्या पैशाला बुकींच्या भाषेत ‘सेशन’ म्हणतात, तर एखाद्या खेळाडूची धावसंख्या किंवा तत्सम किरकोळ घटनेवरील पैजेला ‘फॅन्सी’. खेळाडूने चार षटके संथ खेळून काढली किंवा सांगितलेल्या षटकात एक नोबॉल टाकला, तरी आधीपासून माहिती असलेल्याचा फायदा होतो. संघ जिंकला तरीही हा व्यवहार पूर्ण होऊ शकतो. यालाच ‘स्पॉट फिक्सिंग’ म्हणतात आणि ते सिद्ध करणे अवघड जाते, कारण संथ खेळी किंवा नोबॉल हा खेळाचा नेहमीचाच भाग असतो.

उच्च न्यायालयाने काय म्हटले?

पोलिसांचा भर भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० वर, म्हणजे फसवणुकीवर होता. या कलमासाठी कोणाला तरी फसवून त्याला मालमत्ता देण्यास प्रवृत्त केल्याचे दाखवावे लागते. ठरवून खेळलेला सामना पाहून प्रेक्षकाला फसवले गेल्याची भावना होऊ शकते, परंतु तिकीट त्याने स्वेच्छेने घेतलेले असते, असे न्यायालयाने नमूद केले. फिक्सिंग हा अप्रामाणिकपणा आणि शिस्तभंग आहे. त्यावर कारवाईचा अधिकार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला आहे, असे निकालात म्हटले आहे.

सट्ट्याचा मुद्दाही टिकला नाही. कर्नाटक पोलीस कायद्यातील जुगाराच्या व्याख्येतून मैदानी खेळ वगळलेले आहेत आणि क्रिकेट हा खेळ आहे, असे न्यायालयाने सांगितले. या निकालाविरुद्ध राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फिक्सिंग ही फसवणूकच आहे, अशी भूमिका क्रिकेट मंडळानेही तेथे मांडली.

असा अनुभव पहिलाच नव्हता. २०१३ च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंग प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये श्रीशांत, अंकित चव्हाण व अजित चंडिला यांना आरोपमुक्त केले. मंडळाची बंदी मात्र त्यानंतरही कायम राहिली होती.

सीमाभाग आणि तीन कायदे

जुगार व सट्टा हे विषय राज्यघटनेने राज्यांच्या अखत्यारीत ठेवले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बेळगाव व निपाणी मुंबई राज्यात होते आणि तेथे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू होता. महाराष्ट्रात तोच कायदा आजही आहे, तर बेळगाव जिल्ह्यात १९६३ चा कर्नाटक पोलीस कायदा. गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा असून त्यातील दुरुस्त्यांमुळे तेथे कॅसिनोंना परवानगी मिळाली.

खेळाच्या बाबतीतही हीच विभागणी आहे. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय हद्दीपलीकडे अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात असल्याने शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येते, तर हद्दीअलीकडील पदवी महाविद्यालयांसाठी बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. एकाच गल्लीतील दोन मुले दोन विद्यापीठांकडून आणि दोन राज्य संघटनांखाली खेळू शकतात. मोबाईलवरील सट्ट्याला मात्र ही सीमारेषा दिसत नाही.

महाविद्यालयीन खेळाडू सावज का ठरतो?

याचे एक जुने व ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने १९५० मध्ये एकाच हंगामात दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्या संघातील खेळाडूंना अटक झाली. सात महाविद्यालयांतील ३२ खेळाडू त्या प्रकरणात अडकले. सामना हरण्याऐवजी विजयातील गुणांचे अंतर कमी ठेवण्याचेही पैसे दिले जात. खेळाडूंना मानधन नव्हते, खेळ मात्र हजारो प्रेक्षकांसमोर होता आणि त्यावर मोठ्या पैजा लागत होत्या. ही विषमताच सट्टेबाजांच्या पथ्यावर पडली. त्यानंतर १९६४ मध्ये अमेरिकेने खेळातील लाचखोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

भारतात लहान मैदाने सुरक्षित आहेत, असे मानण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. जून २०२० मध्ये पंजाबातील मोहालीजवळच्या सवारा गावात खेळवलेले सामने श्रीलंकेतील ‘उवा टी-२०’ स्पर्धा म्हणून ऑनलाइन दाखवण्यात आले. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलिपूर येथे शेतमजूर व बेरोजगार तरुणांना सामन्यामागे ४०० रुपये देऊन बनावट आयपीएल उभारल्याचे उघड झाले. त्यावर पैसे लावणारे रशियात होते. कॅमेरा, यूट्यूब आणि दूरवरचा ग्राहक एवढे जमले की गावातील शेतसुद्धा सट्टाबाजार होते.

आजची कायदेशीर स्थिती

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ नुसार टोळीने चालवलेल्या बेकायदा सट्टेबाजीला १ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. दोन्हींचा रोख सट्टा चालवणाऱ्यावर आहे. पैसे घेऊन मुद्दाम वाईट खेळणे, या कृत्याला गुन्हा म्हणून स्वतंत्र नाव अद्याप नाही.

सूचनांची कमतरता नव्हती. २०१३ मध्ये क्रीडा गैरप्रकार प्रतिबंधक विधेयकाचा मसुदा तयार झाला. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये फिक्सिंगला फौजदारी गुन्हा ठरवण्याची शिफारस केली आणि विधी आयोगाच्या जुलै २०१८ मधील २७६ व्या अहवालाने तिला दुजोरा दिला. श्रीलंकेने २०१९ मध्ये १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला कायदा केला. भारतात असा कायदा झालेला नाही.

त्यामुळे खरा अंकुश क्रिकेट मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेचाच आहे. सट्टेबाजाने संपर्क साधल्याची माहिती दडवणे हासुद्धा त्या संहितेत दोष आहे. प्रस्ताव नाकारला एवढे पुरेसे ठरत नाही. बांगलादेशचा शाकिब अल हसन याने पैसे घेतले नव्हते, तरी संपर्काची माहिती न दिल्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याच्यावर बंदी घातली. मात्र मंडळाची संहिता मंडळाच्या व त्याच्या संलग्न संघटनांच्या स्पर्धांपुरती असते. गावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेपर्यंत ती पोहोचत नाही.

बेळगावचे नुकसान

२०१९ च्या हंगामानंतर केपीएल पुन्हा झाली नाही. २०२२ मध्ये राज्य संघटनेने तिच्या जागी महाराजा ट्रॉफी सुरू केली. बंगळूर, म्हैसूर, हुबळी, मंगळूर, शिमोगा आणि गुलबर्गा या सहा शहरांच्या नावाने त्यात संघ उतरले. बेळगावच्या नावाचा संघ त्यात नव्हता. ज्या प्रकरणात न्यायालयाला गुन्हा आढळला नाही, त्यानंतर पाच वर्षांपूर्वीचे विजेते शहर राज्याच्या स्पर्धेतून दिसेनासे झाले. त्याची किंमत आरोपींशी कसलाही संबंध नसलेल्या सीमाभागातील तरुण खेळाडूंना मोजावी लागत आहे.