ज्योत्स्ना भोळे : नाट्यपदाला संवादाची शिस्त लावणारी गायिका-अभिनेत्री

मराठी रंगभूमीच्या इतिहासात १ जुलै १९३३ या तारखेला वेगळे महत्त्व आहे. या दिवशी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या नव्या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणले. नाटकातील बिंबा ही नायिका जिने साकारली, ती अभिनेत्री तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांची होती. पुढे मराठी नाटक आणि भावगीत या दोन्ही क्षेत्रांत स्वतःची नाममुद्रा उमटविणाऱ्या ज्योत्स्ना भोळे यांच्या रंगभूमीवरील वाटचालीतील हे पहिले मोठे पाऊल होते. गळा असलेल्या नटी त्यांच्या आधीही होत्या आणि नंतरही झाल्या. मात्र गाणे नाटकाच्या आज्ञेत ठेवायचे आणि तरीही ते प्रेक्षकाच्या कानात घोळत राहिले पाहिजे, ही अवघड अट ज्यांनी सातत्याने पाळली, त्यांत ज्योत्स्नाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

गोव्यातून मुंबईकडे

ज्योत्स्नाबाईंचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव दुर्गा केळेकर. घरात गाणे होतेच. त्यांच्या थोरल्या भगिनी गिरिजाबाई केळेकर याही गायिका होत्या. लहान वयातच दुर्गा मुंबईत आली. आग्रा घराण्याचे खादिम हुसेन खाँ यांच्याकडे तिला शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली. याच सुमारास, २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. मैफलीत समोर बसलेल्या रसिकांकडे पाहून गाणे वाढवीत नेण्याची सोय या माध्यमात नव्हती. ठरलेल्या मिनिटांत गाणे संपवावे लागे आणि शब्द घरबसल्या ऐकणाऱ्याला स्पष्ट कळावे लागत. नभोवाणीच्या या गरजेतून आणि ध्वनिमुद्रिकेच्या तीन मिनिटांच्या मर्यादेतून मराठी भावगीताला आकार येत गेला.

या नव्या गायनाचा पुरस्कार करणाऱ्यांत केशवराव भोळे हे प्रमुख होते. वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईत आलेले केशवराव ते शिक्षण सोडून संगीताकडे वळले होते. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली संगीतसमीक्षा जाणकारांत गाजत होती. १९३२ मध्ये दुर्गा केळेकर यांचा त्यांच्याशी विवाह झाला आणि त्या ज्योत्स्ना भोळे झाल्या. दोघांच्या वयात सुमारे अठरा वर्षांचे अंतर होते. पती हाच संगीतातील मार्गदर्शक, असा हा संसार होता.

पहाटेपर्यंत चालणारे नाटक

‘आंधळ्यांची शाळा’चे वेगळेपण कळण्यासाठी तत्कालीन संगीत नाटकाकडे पाहावे लागते. बालगंधर्वांच्या गायनाने महाराष्ट्राला वेड लावले होते. रंगलेले पद संपता संपता ‘वन्समोअर’ची मागणी होई, पुन्हा गाताना पदाची मैफल होई आणि नाटकाचे कथानक तेवढा वेळ थांबून राही. प्रयोग पहाटेपर्यंत चालत. स्त्रीभूमिका बहुतांशी पुरुष नटच करीत. कमलाबाई गोखले, हिराबाई बडोदेकर अशा स्त्रियांनी रंगमंचावर पाऊल ठेवले होते, पण प्रतिष्ठित घरातील स्त्रीने नाटकात काम करणे समाजाला रुचत नसे.

त्यातच १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. कमी पैशांत, दोन-अडीच तासांत गाण्यांसह गोष्ट दाखविणाऱ्या बोलपटाने नाटक कंपन्यांचा प्रेक्षक ओढून घेतला. अनेक नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. खुद्द बालगंधर्वांनाही १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात काम करावे लागले. संगीत नाटक जगवायचे, तर त्याचा आकार बदलणे अपरिहार्य झाले होते.

‘आंधळ्यांची शाळा’ची बिंबा

श्री. वि. वर्तक यांनी लिहिलेले हे नाटक नॉर्वेजियन लेखक ब्यर्नसन यांच्या १८८३ च्या नाटकावर आधारलेले होते. लग्नापूर्वीच्या वर्तनाची जी कसोटी मुलीला लावली जाते, तीच मुलालाही का लावू नये, असा त्याचा रोकडा प्रश्न. पार्श्वनाथ आळतेकर यांचे दिग्दर्शन, घराच्या दिवाणखान्याचा आभास निर्माण करणारे नेपथ्य आणि मोजकी गाणी ही या प्रयोगाची वैशिष्ट्ये होती. केशवराव भोळे यांनी त्यात प्रसंगांना साथ देणाऱ्या पार्श्वसंगीताचा जाणीवपूर्वक वापर केला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, असा संस्थेचा आग्रह होता. त्यानुसार ज्योत्स्नाबाईंसमवेत पद्मा वर्तक याही रंगमंचावर आल्या.

स्त्रीच्या मानाचा प्रश्न मांडणारे संवाद स्त्रीवेषातील पुरुषाऐवजी प्रत्यक्ष तरुण मुलगी बोलते आहे, याचा परिणाम वेगळाच होता. बिंबाचे गाणेही तिच्या बोलण्याच्या ओघातच येई. घरात वावरणाऱ्या सुशिक्षित मुलीने सहज गुणगुणावे तसे ते गायचे होते. तानांची आतषबाजी केली असती, तर दिवाणखान्याचा सारा आभास क्षणात मोडला असता. नभोवाणीसाठी अंगी बाणविलेला संयम आणि शब्दोच्चारांची स्वच्छता ज्योत्स्नाबाईंना येथे उपयोगी पडली.

‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था फार काळ टिकली नाही. केशवराव ‘प्रभात फिल्म कंपनी’त संगीत दिग्दर्शक झाले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ या चित्रपटांचे संगीत त्यांचे. भोळे दांपत्य पुण्यात स्थिरावले. ‘आंधळ्यांची शाळा’ने दाखविलेली दिशा मात्र पुसली गेली नाही.

‘कुलवधू’चे यश

तिचे लोकप्रियतेत रूपांतर झाले ते नऊ वर्षांनी. पत्रकारितेतून नाटकाकडे आलेले मो. ग. रांगणेकर यांनी १९४१ मध्ये ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था स्थापन केली. १९४२ मध्ये त्यांचे ‘कुलवधू’ रंगभूमीवर आले. भानुमतीच्या भूमिकेत ज्योत्स्ना भोळे होत्या आणि संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते.

‘कुलवधू’ची नायिका चित्रपटात काम करणारी विवाहिता आहे. तिला पैसा आणि लौकिक मिळतो, आणि तोच नवऱ्याला खुपू लागतो. त्याच्या दुखावलेल्या अहंकारापुढे मान न तुकविता भानुमती त्याचे घर सोडते. समीक्षकांना या नाटकात इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा पडसाद जाणवला, तो याचमुळे. पत्नीच्या कर्तृत्वाने संसार उसवतो, ही कथा ज्या अभिनेत्रीने शेकडो प्रेक्षकांसमोर जिवंत केली, तिच्या स्वतःच्या घरात मात्र पतीनेच तिच्या कलेची मशागत केली होती. लग्न झालेल्या, प्रतिष्ठित घरातील गायिकेने रंगमंचावर उभे राहून हा प्रश्न विचारावा, यातच काळ किती बदलत होता ते दिसून येते.

या नाटकातील ‘बोला अमृत बोला’ हे पद घरोघरी पोहोचले. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य. ख्यालगायकी, नाट्यसंगीत आणि चित्रपटसंगीत या तिन्ही क्षेत्रांत वावरलेले. त्यांच्या चालींत रागाचा गाभा शाबूत असे, पण विस्ताराला आवर घातलेला असे. ज्योत्स्नाबाई त्या चाली गाताना लहानशी हरकत, एखादी चटकदार मुरकी एवढ्यावरच थांबत आणि पुढच्या वाक्याकडे वळत. गाणे संपले तरी भानुमती भानुमतीच राही. तिची मैफलीतील गायिका होत नसे. आवाजाची पट्टी उंच, फिरत मोकळी आणि उच्चार घरगुती बोलण्याइतके स्वाभाविक, ही त्यांच्या गायनाची ओळख होती.

रंगमंचाबाहेरचा स्वर

‘नाट्यनिकेतन’च्या ‘एक होता म्हातारा’ (१९४८) या नाटकातील त्यांची पदेही लोकप्रिय झाली. मामा वरेरकर यांच्या ‘भूमिकन्या सीता’ या नाटकातही त्यांनी काम केले. रंगमंचाइतकेच प्रेम त्यांना भावगीतांनी दिले. राजा बढे यांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांचे संगीत लाभलेले ‘माझिया माहेरा जा’ हे गीत त्यांपैकी सर्वांत परिचित. सासरी असलेली स्त्री पाखराकरवी माहेरी निरोप धाडते, असा या गीताचा आशय. त्यात सूर कोठेही रडवेला होत नाही. हुरहूर शब्दांवरच्या हलक्या आंदोलनातून जाणवते. नाटकात पात्र सांभाळून गाण्याची सवय असलेली गायिका भावगीतातही एक पात्रच उभे करते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

संगीत नाटकाच्या अभ्यासकांत एक वाद नेहमी होत आला आहे. पदे आटोपशीर झाली आणि नाटक तीन-साडेतीन तासांत बसू लागले, तेव्हा संगीत नाटकाने आपले वैभव गमावले, असे एका पक्षाचे म्हणणे. गाण्याची मेजवानी हेच ज्यांचे प्रयोजन होते, त्या रसिकांच्या दृष्टीने ही तक्रार खरीही आहे. परंतु बोलपटाच्या रेट्यापुढे जुन्या थाटाच्या कंपन्या एकामागून एक मिटत असताना गाणे असलेले सामाजिक नाटक प्रेक्षकांना पुन्हा नाट्यगृहात आणू शकले, हेही तितकेच खरे. ‘कुलवधू’च्या यशात भानुमतीच्या आवाजाचा वाटा मोठा होता.

केशवरावांचे १९६७ मध्ये निधन झाले. त्यानंतरही ज्योत्स्नाबाईंचे पुण्याच्या सांस्कृतिक जीवनातील स्थान कायम राहिले. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार देऊन गौरविले. ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ या आत्मचरित्रातून त्यांनी आपला प्रवास स्वतःच्या शब्दांत मांडला. ५ ऑगस्ट २००१ रोजी पुण्यात, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुण्यात हिराबागेतील एका सभागृहाला ज्योत्स्ना भोळे यांचे नाव देण्यात आले आहे. छोटेखानी नाट्यप्रयोग, गाण्याच्या बैठका आणि अभिवाचने अशा कार्यक्रमांसाठी ते वापरले जाते.